मूठभर डाळ

परवा भाईंदरच्या इंद्रलोक नाक्यावर मी एका वरातीत घुसून भांडले. नवरामुलगा घोडीवर, पुढे ढोलताशे, मागे जनरेटरची गाडी, आणि घोडीच्या तोंडासमोर नवऱ्याची बहीण भिजवलेल्या चणाडाळीचं ताट धरून उभी. फोटोवाला तिला सांगत होता, "दीदी, और थोडा खिलाओ, फोटो ठीक नहीं आया." मी आपली भाजीची पिशवी घेऊन घरी निघालेली बाई. त्या लग्नाशी माझा काडीचा संबंध नव्हता. तरी पिशवीसकट गर्दीत शिरले आणि ओरडले, "बस करो! घोडी को उल्टी नहीं होती!"

ढोल थांबले. बहिणीनं मला डोक्यापासून चपलांपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "आंटी, एक मुट्ठी से क्या होता है?"

एका मुठीनं काय होतं ते मला चांगलं ठाऊक आहे. आमच्या गोडदेवच्या घरमालकांमुळे ठाऊक झालं. मालक आता नाहीत, पण लग्नाचा हंगाम सुरू झाला आणि रस्त्यात सजवलेली घोडी दिसली की त्यांची भांडणं माझ्या तोंडून बाहेर पडायला लागतात. माझा नवरा अशा वेळी फूटपाथ बदलतो. त्याच्याकडे तसं करायला सबळ कारण आहे, ते पुढे येईलच.

लालबागहून आम्ही भाईंदरला आलो तेव्हा गोडदेवात भाड्यानं खोली बघत होतो. मालकांची जुनी बैठी चाळ होती. पुढच्या ओट्यावर लुंगी आणि बनियन घातलेला, कानात भिकबाळीसारखं काहीतरी अडकवलेला एक उंच म्हातारा बसला होता. आम्ही नमस्कार केला. त्यानं कुठले, काय करता, किती माणसं, काही विचारलं नाही. म्हणाला, "चपला काढा न उलट्या करा."

आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि केल्या उलट्या. त्यानं ओट्यावरून उतरून दोघांच्या चपलांचे तळ निरखले. नवऱ्याच्या चपला दोन्हीकडून सारख्या झिजलेल्या. "ह्याचा चालना सरल हाय," तो म्हणाला. माझ्या चपलेची टाच एका बाजूनं पार खाल्लेली. "ही भांडनारी हाय. चालंल. भांडनारा मानूस चोरी न्हाय करत." खोली मिळाली. घोड्याचे खूर कसे झिजतात त्यावरून तो कसा चालतो, कुठे दुखतो, हे कळतं म्हणतात. मालकांनी ती विद्या सरसकट मानवजातीला लावली होती. ती चुकायची, हे सांगून ठेवते. आमच्या आधी याच खोलीत राहणाऱ्या, अगदी सरळ झिजलेल्या चपलांच्या गृहस्थानं जाताना मोरीचा नळ काढून नेला होता. तरी मालकांचा चपलांवरचा विश्वास तसूभर ढळला नव्हता.

गोडदेवातली त्यांची शेतं केव्हाच इमारतींखाली गेली होती. उरली होती ती जवळच्या चेणे गावातली जमीन, डोंगराच्या कडेला. तिथे ते पावसाळ्यात भात करायचे, मागून वाल टाकायचे, आणि तिथेच त्यांचा तबेला होता. एक म्हातारा घोडा, एक तांबडी घोडी आणि एक पांढरी. पांढरीचं नाव शेवंती. आसपास ज्यांची शेती शिल्लक होती ते भाड्यानं ट्रॅक्टर आणायचे. मालक मात्र भाताच्या पेंढ्यापासून शेणखतापर्यंत सगळं घोड्याच्या गाडीतून वाहायचे. घोडबंदर रोडला कंटेनरांच्या रांगेत मधेच ही पेंढ्यानं भरलेली गाडी आणि तिच्यावर ताठ बसलेले मालक. मागचे हॉर्न वाजवून वाजवून थकायचे. मालक वळूनही बघायचे नाहीत.

शेवंती आणि तांबडी लग्नाला जायच्या. लग्नवाल्यांशी त्यांचं एवढं वाकडं, तर घोड्या देता कशाला, असं मी एकदा विचारलं. "बांधलेली घोरी कुजते," मालक म्हणाले. "भात झोरून झाला की तिला काम काय? काम पायजे जनावराला. काम वायट न्हाय. लोक वायट हायत."

लोक वाईट आहेत याबद्दल मात्र त्यांच्यात आणि माझ्यात एकमत होत गेलं. एका रविवारी मी त्यांच्याबरोबर चेण्याला गेले आणि घोडी सांभाळणं म्हणजे काय ते पहिल्यांदा बघितलं. आदल्या दिवशी वरात करून आलेली शेवंती. तिच्या कपाळावर कुंकवाचा चिखल वाळला होता, आयाळीत कागदी चकत्या गुंतल्या होत्या, आणि डाव्या कानात कुणीतरी मारलेल्या फेसाच्या फवाऱ्याचा चिकटा. मालक एकेक चकती बोटांनी वेचत होते. मग पेंढ्याची चुंबळ करून पाठ घासली, प्रत्येक खूर उचलून खडे काढले, पाणी दिलं तेही थोडं थोडं, मधे थांबून. थंडीच्या सकाळी लगामाची कडी आधी स्वतःच्या काखेत गरम करून मग तिच्या तोंडात घालायचे. आणि सगळं झाल्यावर तिच्या पोटाला कान लावून डोळे मिटून उभे राहायचे.

"काय ऐकता काका?"

"गिरन," ते म्हणाले. "घोरीचा पोट म्हंजे गिरन. चालू असली त गुरगुर आवाज येतंय. बंद परली त घोरी मेली." मलाही त्यांनी कान लावायला लावला. खरंच, आत लांबवर चक्की चालावी तसा आवाज होता. "गिरन चालू हाय," असं स्वतःशी म्हटल्याशिवाय हा माणूस जेवायला बसत नसे.

आता या लग्नाच्या डाळीबद्दल सांगते. नवऱ्याच्या बहिणीनं घोडीला भिजवलेली चणाडाळ खाऊ घालायची, ही मुळात आमच्या लोकांची रीत नाही. शेजारपाजारच्या लग्नांतून, सिरियलींतून आली आणि आता सगळ्यांचीच झाली. रीतीला माझा विरोध नाही. पण हंगामात एक घोडी एका संध्याकाळी या हॉलवरून त्या हॉलवर जाते. प्रत्येक ठिकाणी एक बहीण. एका बहिणीचं भागत नाही म्हणून वहिनी, मग मावशी, मग जिला फोटो काढायचा आहे अशी कुणीही. प्रत्येकीची ओंजळ. कोरडी डाळ पोटात जाऊन फुगते, भिजलेली आंबते, आणि घोड्याला निसर्गानं ओकायची सोयच दिलेली नाही. आत गेलेलं फक्त पुढेच जाऊ शकतं. पुढे गेलं नाही तर जनावर तडफडून मरतं. हे ज्याला माहीत आहे त्यानं ते ताट बघून शांत राहावं तरी कसं?

मालक शांत राहायचे नाहीत. वरातीत घोडीचा लगाम ते स्वतः धरायचे आणि ताट पुढे आलं की त्यांचा हात आडवा. "डाल नको." बायका हसायच्या, त्यांना वाटायचं म्हाताऱ्याला ओवाळणी हवी आहे. मग मालक आपल्या हिंदीत गर्जायचे, "घोडी को उल्टी नहीं होता! समझा क्या? उल्टी नहीं होता!" भर मुहूर्तावर, सनईच्या सुरात, उलटीची घोषणा. मुलीकडच्या म्हाताऱ्या कानांवर हात ठेवायच्या.

एक प्रसंग तर माझ्या डोळ्यांसमोरचा. ऑफिसातून परतत होते. रस्त्याकडेच्या हॉलबाहेर मोठी वरात. नवरदेवाचे मामा हट्टाला पेटलेले की डाळ खिलवायचीच, नाहीतर अपशकुन होतो. मालक म्हणाले, अपशकुन तुम्हाला होईल, पोटशूळ घोडीला होईल. मामांनी मालकांना ढकललं. कुणीतरी मागून फटाक्यासारखी कागदांची नळी फोडली. शेवंती दचकली, चार पावलं मागे सरली आणि तिचा मागचा पाय गटाराच्या झाकणावर घसरला. मालकांनी तिला सावरलं, मान थोपटली, आणि वर बसलेल्या नवरदेवाला म्हणाले, "उतर."

"क्या?"

"उतर खाली. पाय हायत ना तुला?"

आणि तो उतरला! सोनेरी शेरवानी, फेटा, कमरेला तलवार, असा तो गुबगुबीत मुलगा खाली उभा राहिला आणि मालक शेवंतीला घेऊन चालू लागले. पाठीमागे शिव्यांचा पाऊस पडत होता. त्यांनी वळून बघितलं नाही. नवरदेव हॉलपर्यंत पायी गेला. लग्न लागलं असणार, कारण पायी गेल्यानं कुणाचं लग्न मोडल्याचं ऐकिवात नाही.

दुसऱ्या दिवशी ती मंडळी चाळीत आली आणि दारासमोर धिंगाणा घातला. मी ओट्यावर उभी राहून मालकांच्या बाजूनं भांडले. टाच उगाच झिजलेली नव्हती. पण तो मुलगा बिचारा तोंड पाडून मागे उभा होता. त्यानं काहीच केलं नव्हतं. मालकांना त्याची कीव आली नाही, याचा मला राग आला होता आणि तो मी त्यांना बोलूनही दाखवला. "घोरीच्या पायाला लागला असता त?" एवढंच त्यांचं उत्तर.

कारण माणसांच्या बाबतीत हा माणूस दगड होता. हे लिहिलं नाही तर मी काकूंशी बेइमानी केल्यासारखं होईल. काकू म्हणजे मालकांची बायको. माहेर राई गावात, इथून हाकेच्या अंतरावर, तरी सण येऊन जायचे आणि काकू तिथे जात नसत, कारण चेण्याला डबा कोण पोचवणार? काकू तापानं फणफणल्या की मालक म्हणायचे, गोळी घे. शेवंती शिंकली की रात्रीचा मुक्काम तबेल्यात. मुलीच्या शाळेत बक्षीस समारंभ होता, मालक गेले नाहीत, तांबडीच्या नालबंदीचा दिवस होता. सोमवारी ते घोडी लग्नाला देत नसत, कितीही मोठं घराणं असो. "सोमवार तिचा हाय," असं ठणकावून सांगायचे. मी एकदा संतापून विचारलं, "आणि काकूंचा वार कुठला?" मालकांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी हा प्रश्न चिनी भाषेत विचारला होता. काकू आतून म्हणाल्या, "जाऊ दे गं पोरी. तो घोऱ्याच्या नक्षत्राचा हाय."

आणि खाऊ घालणाऱ्यांशी तर त्यांचं उभं वैर. लग्नाच्या हंगामात घोडी गोडदेवात चाळीसमोरच बांधलेली असायची, तेव्हा शेजारचे लोक चपात्या, गूळ, रात्रीचा भात घेऊन यायचे. पुण्य मिळतं म्हणून. मालक त्यांना हाकलायचे. "तुमचा पुन्य तुमी तुमच्या पोटान घाला!" एका गुजराती बेननं रोज सकाळी चपाती द्यायचा नेम धरला होता. मालकांनी ती चपाती तिच्यासमोर घेतली आणि स्वतः खाल्ली. दुसऱ्या दिवशी तिनं दोन आणल्या, मालकांनी दोन्ही खाल्ल्या. बेन इतकी दुखावली की पुढे कित्येक महिने त्यांच्या ओट्यासमोरून जाताना तोंड फिरवायची. या माणसाला गोड बोलून कुणाला काही सांगता येतच नव्हतं. खरं तेही तो असं सांगायचा की ऐकणाऱ्याला खोटं करून दाखवावंसं वाटावं.

मग त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं.

घरचं लग्न, घरची घोडी. वरात गोडदेवातल्या गोडदेवात, चाळीपासून देवळाजवळच्या मैदानातल्या मांडवापर्यंत. आणि करवली कोण, तर मालकांची लाडकी लेक. तिनं आदल्या दिवसापासून पातेलंभर डाळ भिजत घातली होती. सकाळी ताट सजवलं, हळदकुंकू, वर झेंडूची फुलं. मालक नवं धोतर आणि लाल टोपी घालून बाहेर आले आणि त्यांना ते ताट दिसलं.

"ह्या काय?"

"बाबा, एकाच दिवसाचा प्रश्न आहे ना? माझ्या सगळ्या मैत्रिणींनी केलंय. माझा एकुलता एक भाऊ आहे."

"आमटी करा त्याची," असं म्हणून त्यांनी ताट उचललं आणि आचाऱ्याच्या हातात दिलं. सगळ्या वऱ्हाडासमोर. पोरीचे डोळे भरून आले. तिची लिपस्टिक थरथरत होती. धवला, म्हणजे लग्नाची गाणी, गायला आलेली म्हातारी धवलारीण गाणं मधेच थांबवून म्हणाली, "आरं, आजच्या दिवशी तरी!" मालक ढिम्म. मला त्यांचं म्हणणं पटत होतं आणि तरी त्यांना धरून गदागदा हलवावंसं वाटत होतं. पोरीला जवळ घेऊन, चार शब्दांत, हळू आवाजात सांगता आलं नसतं?

वरात मांडवात पोचली. मालकांना विधीला पाटावर बसणं भाग होतं. शेवंतीला मैदानाच्या कडेच्या चिंचेखाली बांधली आणि राखणीला त्यांनी नेमला माझा नवरा. "तुजा चालना सरल हाय. कोनाला हात लावू देव नको." नवऱ्याची छाती फुगली. खुर्ची टाकून तो चिंचेखाली बसला. आमटीसाठी मैदानात आणलेली पातेल्यातली बाकीची डाळ मात्र आचाऱ्याच्या तंबूशेजारी, चिंचेपासून दहा पावलांवर, तशीच झाकून राहिली होती. ती हलवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, पंगती बसल्या. मी दुसऱ्या पंगतीला बसले होते तेव्हा बाहेरून मालकांची हाक ऐकू आली. शब्द नव्हता, नुसता आवाज. आम्ही खरकट्या हातांनीच धावलो.

शेवंती पुढच्या पायानं जमीन उकरत होती. मान वळवून पुन्हा पुन्हा आपल्याच कुशीकडे बघत होती. अंगावर घामाचे लोट, जरीच्या झुलीखालून टपटप गळत होते. मधेच गुडघे मोडून खाली बसायला जायची. मालकांनी झूल ओरबाडून काढली, लाल टोपी फेकली आणि तिच्या पोटाला कान लावला. या बाजूनं लावला. मग त्या बाजूनं.

"गिरन बंद," ते म्हणाले.

जनावरांच्या डॉक्टरला फोन झाला. तो घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकला होता. फोन स्पीकरवर होता, म्हणून आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं. "लोळू देऊ नका, आतडं पिळवटलं तर संपलं. हळूहळू चालती ठेवा. आणि काय खाल्लंय, किती खाल्लंय ते नीट विचारून ठेवा. मूठभर असेल तर एक इलाज, पोटभर असेल तर दुसरा. मला आल्या आल्या कळलं पाहिजे."

मालक गर्दीकडे वळले. "कोनी दिली डाल?"

जो तो शेजाऱ्याकडे बघायला लागला.

"कोनी दिली?" पुढे जे काही त्यांनी वऱ्हाडाच्या सात पिढ्यांना ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. लोक आणखीनच मिटले. पोरीनं पदर तोंडात धरला होता. बेन साडीच्या निऱ्या सारख्या करत होती. धवलारीण आभाळाकडे बघत होती. मी नवऱ्याकडे बघितलं, तर तो आपल्या चपलांकडे बघत होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. जीव चाललाय तिचा, तुमच्या डोळ्यांदेखत चाललाय, आणि तुम्हाला आपल्या इभ्रतीची पडली आहे? एक शब्द बोलायचाय! मघाशी देवाब्राह्मणांच्या साक्षीनं अक्षता टाकणारी एवढी माणसं, आणि एकाच्या तोंडातून खरं निघत नव्हतं. मी तसं मोठ्यानं म्हणालेसुद्धा. पण माझ्याकडेही कुणी बघेना.

शेवंती पुन्हा खाली बसायला गेली. मालकांनी तिला खांदा लावून उठवलं, चार पावलं चालवली, आणि त्यांचा दुखरा गुडघा लचकला. ते दोराला लोंबकळून उभे राहिले. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. एवढ्या वर्षांत मी त्यांना असं बोलताना ऐकलं नव्हतं.

"बरा. तोंडानं नका बोलू. मी नाव इचारनार न्हाय, शिवी पन देनार न्हाय. ज्यानं येक मूठ दिली त्यानं येक फेरी घालायची, मैदानाला. ज्यानं दोन दिल्या त्यानं दोन. घोरीला चालती ठेवा. येवराच करा माज्यासाठी."

 मग त्यांची लेक पुढे आली. भरजरी शालू कमरेला खोचला, बापाच्या हातातून दोर घेतला आणि शेवंतीला घेऊन चालू लागली. एक फेरी झाली. ती थांबली नाही, दुसरी घातली. तिच्या पाठोपाठ धवलारीण. "देवाच्या कामाला उभी होती, तोंड सुकला होता तिचा," असं पुटपुटत तिनं वाकल्या कमरेनं फेरी पुरी केली. मग आचारी. मग बँडमधला क्लॅरनेटवाला, वाद्य काखेत धरून. मग बेन. "सुबह से भूखी खड़ी थी बेचारी," ती कुणालाच उद्देशून नसल्यासारखी म्हणाली. मुलीकडचे व्याही, ज्यांची आणि मालकांची आज सकाळी पहिल्यांदा नीट गाठ पडली होती, तेही कोट काढून उभे राहिले. बघता बघता रांग लागली. आणि या रांगेत, मान खाली घालून, माझा नवरा.

"तू?" मी म्हणाले. "तू राखणीला होतास!"

"अगं, ती माझ्याकडे बघत होती," तो म्हणाला. "एकच मूठ."

प्रत्येकाची एकच होती. प्रत्येकाला वाटलं होतं की या खडूस म्हाताऱ्यानं बिचारीला उपाशी ठेवलंय, आणि आपण एकटेच काय ते दयाळू. मालकांनी ताट हिसकावलं नसतं तर तिनं एका बहिणीची एक ओंजळ खाल्ली असती. हिसकावलं म्हणून सगळ्या गोडदेवची दया तिच्या पोटात गेली. मी रांगेबाहेर उभी होते, मूठ न देणाऱ्या थोड्या लोकांत, आणि कुणाकुणावर चिडायचं तेच मला कळेना.

डॉक्टर आला तेव्हाही रांग चालू होती. "किती खाल्लंय?" त्यानं विचारलं. मालकांनी नुसता रांगेकडे हात केला. "ही येवरी." डॉक्टर बघत राहिला, मग त्यानं बाही वर केली. नाकातून नळी घातली, तेल सोडलं, इंजेक्शन दिलं. ऊन कलायला लागलं. नवरानवरी मुंडावळ्यांसकट खुर्च्यांवर बसून होती, कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं. सगळं वऱ्हाड शेवंतीच्या शेपटीकडे डोळे लावून उभं.

आणि शेवटी शेवंतीनं शेपूट उचललं आणि लीद टाकली. मैदानात अशा टाळ्या पडल्या की तशा मंगलाष्टकांनंतरही पडल्या नव्हत्या. क्लॅरनेटवाल्यानं आपणहून सूर धरला. बेननं डोळे पुसले. डॉक्टर म्हणाला, "आता चालवू नका तिला. उभी राहू दे शांत. आज रात्री फक्त पाणी." मालकांनी कान लावला. खूप वेळ लावून ठेवला. मग मान हलवली. "गिरन चालू हाय."

लोक सुटले. उरलेल्या पंगती बसल्या, हसणं सुरू झालं, कुणाच्या किती फेऱ्या झाल्या त्यावर थट्टा सुरू झाली. मी मात्र धुमसतच होते. काकूंशेजारी खुर्चीवर बसून मी माझा सगळा संताप ओतला. लोक कसे, त्यांची दया कशी, आणि एवढं होऊनही तोंडानं कबूल करायची कुणाची छाती कशी झाली नाही. "या सगळ्या गावात एकटे काका तेवढे सरळ," असंही म्हणाले.

 काकू मैदानाकडे बघत होत्या.

मालक चिंचेपाशी उभे होते. त्यांनी शेवंतीचा दोर झाडाला नीट बांधला, तिची आयाळ सारखी केली. मग पायातल्या नव्या वहाणा काढून ठेवल्या आणि मैदानाच्या कडेनं एकटेच चालायला लागले. गुडघा दर पावलाला दगा देत होता. लेक धावत गेली. "बाबा, कुठे चाललात? झालं ना आता, शेवंती बरी आहे. डॉक्टर बोलले, चालवायची नाही."

"तिला नको चालवू," मालक म्हणाले. "माजी फेरी र्‍हायली हाय."

लेक जागच्या जागी उभी राहिली. माझ्या शेजारून काकूंचा आवाज आला, अगदी हळू. "पाहाटंला. मी चुलीपाशी व्हती, बगितला मी. लेकाचा लगीन म्हून डोल्यांत पानी, घोरीच्या गल्यान परून ररत व्हता, न पातेल्यातली मूठ तिला भरवत व्हता. पयली मूठ त्याचीच."

ते मैदानाला वळसा घालत होते.  काकू उठल्या, पदर खांद्यावर घेतला, त्यांच्या वहाणा उचलल्या आणि जिथे फेरी संपणार होती तिथे जाऊन उभ्या राहिल्या.